निम्म्यावर आलेला गेम

राजवीरनं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली आणि विश्वजितच्या मिसळीचा कट घशात जायचा तो नाकात शिरला. फुटबॉलचा नवा गेम आजपासून निम्म्या किमतीत. राजवीरसकट कट्ट्यावरच्या चौघांनी आपापल्या ताटलीत मान घातली. विश्वजित खोकत राहिला. डोळ्यांतलं पाणी तिखटाचं आहे, असं त्यानं न विचारताच सांगून टाकलं.

तिखटाचं कसलं! तोच गेम त्यानं परवा पुऱ्या किमतीला आणला होता. तोंडाला टॉवेल गुंडाळून, गाडी लांब लावून, राजारामपुरीतल्या मीनाबाईंच्या दुकानातून. आत गेल्यावर टॉवेल सोडावा लागला, कारण घासाघीस करायला तोंड लागतं. अर्धा तास घासाघीस करूनही बाईनं किमतीत एक रुपया सोडला नाही, वर किल्लीला अडकवायचा प्लास्टिकचा फुटबॉल तेवढा फुकट दिला. आता तो गेम कपाटात, बायकोच्या, म्हणजे अनुजाच्या, लग्नातल्या शालूखाली होता. ती माहेरी कागलला गेली की खेळायचा, असा बेत होता.

एवढी चोरी कशाला? तर सगळी गल्ली विश्वजितच्या जिभेला भ्यायची, आणि त्या जिभेला सगळ्यात जास्त विश्वजितच भ्यायचा. गल्लीत कुणी काही विकत आणलं की हा हजर. वस्तू उलटीपालटी करायची, किंमत विचारायची आणि म्हणायचं, घातली की लेका तुला टोपी. मग आठवडाभर कट्ट्यावर त्या टोपीची मिरवणूक. कृष्णातनं म्हैस आणली तेव्हा तिच्यादेखत यानं तिची इतकी छी-थू केली, की त्या मुक्या जनावरानं मनाला लावून घेतलं आणि पंधरवडाभर पान्हा चोरला. सम्राटनं फ्रिज घेतला, तो विश्वजितच्या भीतीनं हार घालून कोपऱ्यात ठेवला. आलागेला देव्हारा समजून हात जोडायचा. प्रसेनजीतनं नवी गाडी घेतली आणि भावजींची आहे म्हणून सांगितलं. हे भावजींच्या कानावर गेलं. ते आले आणि गाडी घेऊन गेले. प्रसेनजीतला तोंड उघडता आलं नाही.

आणि आज खुद्द विश्वजितला टोपी बसली होती. चांगली कानापर्यंत.

‘तू न्हाईस न्हवं घेतलास?’ राजवीरनं विचारलं.

‘मी? पुऱ्या किमतीला? मला काय कुत्रं चावलंय व्हय?’

इथवर ठीक होतं. इथं थांबला असता तर एका गेमवर भागलं असतं. पण गप्प बसला तर तो विश्वजित कसला? मी थांबलोच होतो, म्हणाला. मला ठाऊकच होतं, म्हणाला. आत्ता चला, अक्कल असलेल्या माणसाची खरेदी कशी असती ती दाखवतो, म्हणाला. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि लगेच माना डोलावल्या. आम्हीबी थांबलोच होतो, म्हणाले. एरवी या चौघांचं मिसळीत लिंबू पिळावं की नाही यावरसुद्धा एकमत होत नाही. विश्वजितला वाटलं, शिकवण लागू पडली.

पाचीजण दोन गाड्यांवरून निघाले. वाटेत विश्वजितनं खरेदीवर व्याख्यान दिलं. उतावळ्या माणसाचा बाजारात कसा बकरा होतो, ते सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. दोन सिग्नलना तर बाजूचे लोकही ऐकत होते.

मीनाबाई गल्ल्यावर बसल्या होत्या. एके काळी कॅसेटी भाड्यानं देणारी बाई. गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या खिशातलं चिल्लर तिला ऐकू येतं, असं म्हणतात. तिनं चष्मा पुसून एकेकाकडं पाहिलं. विश्वजितनं छताकडं नजर लावली. बाकीचेही मान वर करून पंखा बघत होते. दुकान मोठं आहे, बुजली असतील, असं त्याला वाटलं.

बाईनं पाच गेम काउंटरवर मांडले आणि आधी एक गोष्ट सांगितली. कंपनीचा निरोप होता. गेल्या आठवड्यात ज्यांनी पुरी किंमत मोजली, त्यांना निम्मे पैसे परत. पावती नको, काही नको. दुकानात येऊन सांगायचं आणि पैसे न्यायचे.

‘तुमच्यात आधी घेतलेलं कुणी हाय काय?’ तिनं विचारलं. ‘नुसतं व्हय म्हणायचं.’

विश्वजितच्या ओठांवर तो शब्द आला. एक शब्द, की पैसे खिशात आणि दुसरा गेम घ्यायची गरज नाही. पण एका खांद्याशी राजवीर होता, दुसऱ्या खांद्याशी कृष्णात. आयुष्यभर वाटलेल्या टोप्या एका दमात परत आल्या असत्या. त्यानं तो शब्द गिळला. मिसळीच्या कटापेक्षा जास्त झोंबला.

‘असली येडी माणसं आमच्या गल्लीत न्हाईत, मावशी.’

बाकीचे चौघं हसले. जरा जास्तच हसले. बाईनं पुन्हा विचारलं, बघा बरं, आजचाच दिवस आहे. पाचीजण पुन्हा पंखा बघायला लागले. सगळ्यात आधी विश्वजितनं पैसे मोजले, ऐटीत, दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना दिसेल असे. मागोमाग चौघांनी. पाच पिशव्या पाच हातांत गेल्या.

मीनाबाईंनी नोटा गल्ल्यात टाकल्या, गल्ला बंद केला आणि चष्म्यावरून पाचही जणांकडं नीट पाहिलं.

‘मला एक कळंना,’ त्या म्हणाल्या, ‘आजपातुर माझ्याकडनं ह्यो गेम पाचच जणांनी न्हेलाय, अन् ती पाचीच्या पाची आत्ता हितं हुबी हाईसा.’