वगळलेल्या तीन ओळी

"शी नेव्हर टोल्ड अस," रेखाताई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिनी आपल्याला सांगितलाच नाही, स्वाती."

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या लायब्ररीतली वरची खोली, सहा खुर्च्या, चहाची किटली, डायजेस्टिव्ह बिस्किटं. महिन्यातल्या एका शनिवारी इथे जमून ही मंडळी मराठवाड्यातल्या एका गावातल्या किशोरी गटासाठी काम करत. आज सकाळी गावाहून, गट चालवणाऱ्या ताईंची ईमेल आली होती. गटातल्या मनीषाचं मे महिन्यात लग्न झालं. वय पंधरा. शाळा सुटली.

मंडळाचा एक नियम होता आणि सगळ्यांना त्याचा भारी अभिमान होता. मुली जे मागतील तेच करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. म्हणून मुली दर महिन्याला पत्रं लिहीत. गावात भिंतींनाही कान असतात, तेव्हा पाकिटं तिथे कुणी उघडायची नाहीत, बंदच्या बंद रीडिंगला यायची. इथे ती वाचू शकणारी एकटी स्वाती. रेखाताई लंडनच्या ईलिंगमध्ये जन्मलेल्या, मराठी मोडकंतोडकं बोलत, पण देवनागरी त्यांच्या लेखी रांगोळीच. मार्गारेट तर इंग्रजच, तिचं सोडाच. स्वातीने पत्रं इंग्रजीत उतरवायची आणि मग मंडळाने हालचाल करायची. गेल्या वर्षी अशाच एका पत्रावरून इथून एक फोन गेला आणि एक लग्न थांबलं. ती मुलगी आता अकरावीत आहे.

मनीषाने सांगितलं होतं. फेब्रुवारीच्या पत्रात, शाळेतल्या नव्या बाईंबद्दल आणि नळाबद्दल लिहून झाल्यावर, तीन ओळींत. माझं लग्न ठरवलंय, मे महिन्यात. मला दहावी करायची आहे. काय बी करा पण थांबवा.

त्या तीन ओळी स्वातीने गाळल्या.

स्वाती काही वाईट नव्हती. जानेवारीत दुसऱ्या एका मुलीचं असंच काहीतरी वाचून दाखवल्यावर मार्गारेटने, अगदी मायेने, तिचा हात दाबून विचारलं होतं, "तुमच्याकडे अजून असंच चालतं का गं?" तुमच्याकडे! पुण्यात वाढलेल्या, ब्रॅकनेलच्या ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळणाऱ्या स्वातीच्या ते जिव्हारी लागलं. आपली लक्तरं या लोकांपुढे कितीदा टांगायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या तीन ओळींच्या जागी तिने लिहिलं, घरी सगळे उन्हाळ्याची वाट पाहत आहेत. गावातल्या ताईंना आपणच गुपचूप फोन करू, असं तिने ठरवलंही होतं. मग मुलाच्या शाळेची हाफ टर्मची सुट्टी आली. मग त्याला कांजिण्या झाल्या. मग ऑफिसात नवं काम आलं. उद्या करू, उद्या करू म्हणताना मे महिना संपला. मनीषाने लग्नाबद्दल पुन्हा लिहिलं नाही. एकदा सांगितलं की झालं, असं वाटलं असणार त्या पोरीला.

"त्यांना कॉन्फिडन्स नाही, हे खरं कारण आहे," मार्गारेट इंग्रजीत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मुलींना बोलायला शिकवायला हवं. आपल्यातल्या कुणीतरी तिथे जाऊन राहायला हवं."

सगळ्यांनी स्वातीकडे पाहिलं.

"तूच जा," रेखाताई म्हणाल्या. "त्या मुली तुझ्याशी बोलेल. तुला त्यांचा भाषा येतो. आम्हाला काय येतो?"

स्वाती हो म्हणणार होती. कुणाला कळणार होतं? त्या खोलीत ते फेब्रुवारीचं पत्र वाचू शकणारं दुसरं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात रेखाताईंनी या महिन्याची पाकिटं तिच्यापुढे सरकवली. सगळ्यात वरच्या पाकिटावर इंग्रजी अक्षरांत मनीषाचं नाव होतं. "हा घरी नको नेऊ. इथेच वाच. आत्ता."

वहीचं एक पान निघालं. स्वातीने ते आधी मनातल्या मनात वाचलं. आताही हवं ते गाळता आलं असतं. मग ती एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली. तिने एक शब्दही सोडला नाही.

"ताई, दोन दिवस माहेरी आले आहे म्हणून लिहिते. सासरी लिहू देत नाहीत. हे माझं शेवटचं पत्र. मी तुम्हाला फेब्रुवारीत लग्नाचं कळवलं होतं. तुम्ही कायतरी करताल म्हणून हळद लागेपर्यंत वाट बघितली. मांडवात बी बघत होते. तुमच्यावर राग नाही. माझं अक्षर घाण आहे, तुम्हाला वाचता आलं नसणार. बाकीच्या पोरींना सांगितलंय, अक्षर चांगलं काढा."

मार्गारेट रुमालात तोंड खुपसून रडत होती. रेखाताईंनी ते पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटसुलट करून पाहिलं.

"खरंच इतका वाईट आहे तिचा हँडरायटिंग?" त्यांनी विचारलं. "फेब्रुवारीत तुला वाचता नाही आला?"

"मोत्यासारखं अक्षर आहे तिचं, रेखाताई," स्वाती म्हणाली. "मी सगळं वाचलं होतं."