फळीला मूठ

दूधविनायकाच्या वळणावर एका अनोळखी माणसाने पुढे होऊन फळीला खांदा दिला. त्याने काही विचारलंही नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं, माणसाहून लांब काहीतरी दोन मुली खांद्यावरून घाटाकडे नेताहेत, एवढं त्याला पुरेसं होतं. काशीत अशा वेळी कोणी चौकशा करत बसत नाही.

थोडं चालून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "कौन थे, बिटिया?"

"बोर्ड है, चाचा," पुढच्या टोकाला असलेली मधुवंती म्हणाली. "इस पर खड़े होकर गंगाजी में चप्पू चलाते हैं."

मागच्या टोकाला तिची मैत्रीण रुची होती. तिला हसू आवरेना, आणि फळी गदगदा हलायला लागली. त्या माणसाने खांदा काढून घेतला, दोघींना चांगलं झापलं आणि मग स्वतःच हसत सुटला. गल्लीत दोन्ही बाजूंना हात जोडून थांबलेले लोकही हसले. हसला नाही तो एकच माणूस. संकठादेवीचं दर्शन घेऊन परतणारे विष्णुपंत भिंतीला चिकटून, हात जोडून उभे होते, आणि पुढे खांद्याला आपलीच मुलगी आहे हे त्यांना आत्ता दिसलं होतं.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्या फळीला आजच मूठ बसव. पुन्हा ती खांद्यावर दिसायला नको."

"ती खोळ माझ्याच हातची," मधुवंतीची आई शरदिनीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "ऊन लागू नये म्हणून शिवली. मेली चादर पण पांढरीच सापडली मला!"

उभ्याने वल्हवायचा हा बोर्ड जुना घेतलेला. त्याची मूळ मूठ आधीच्या मालकाच्या हातातच उपटून आली होती. नवी मूठ, म्हणजे एक जाड पट्टा आणि त्याच्या दोन टोकांना चिकटवायच्या दोन चकत्या, घरात कधीची येऊन पडली होती. पण रुची होती दुसऱ्या टोकाला, मग मुठीची घाई कोणाला?

मधुवंतीला वाटलं, बाबांना लाज वाटली. त्याचं कारणही तिला ठाऊक होतं. मुलींनी खांदा द्यायचा नसतो, मग ती फळी का असेना. दिवाळीत बाबा पुण्याच्या पुतण्याशी फोनवर बोलत होते, तेव्हा तिने ऐकलं होतं. "ऋतुराज, माझी वेळ आली की खांद्याला तू ये रे बाबा. मला कुठे मुलगा आहे?" गल्लीच्या तोंडापासून सिलिंडर उचलून आणायचा मधुवंतीने, आईचा पाय मोडला तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठायचा मधुवंतीने, आणि खांद्याला माणूस यायचा पुण्याहून. ते तिला फार लागलं होतं. बोलली मात्र ती अवाक्षर नव्हती.

तिने टेपने मोजून फळीच्या बरोबर मध्यावर खूण केली. विष्णुपंतांनी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि फळी त्याच्यावर आडवी ठेवली. खुणेवर ती काही टिकेना. मागच्या टोकाला तळाशी फिन, म्हणजे पाण्यात दिशा धरणारं पातं होतं, त्या बाजूला फळी सारखी कलत होती. दोघं बाप-लेक ती इंच इंच सरकवत बसले.

"आता पोळ्या काय या बोर्डावर लाटू?" आतून शरदिनीबाई.

अखेर फळी लाटण्यावर स्थिर झाली. खूण मागे सरकली. मधुवंतीने तिथे पॉलिश पेपर घासला, थिनरने पुसलं, गोंद लावला आणि दोघांनी मिळून चकत्या दाबल्या. वर पाटा-वरवंटा ठेवून दिला. रात्री जेवणात चटणी नव्हती.

सकाळी तिने पाटा उतरवला, मूठ धरली आणि फळी उचलली. फळी कमरेशी सरळ राहिली, ना पुढे झुकली ना मागे. "एकटीला जमतंय, आई!" मधुवंती आनंदाने ओरडली. पण दाराशी जागा अरुंद, तिथे वळताना सवयीने तिने फळी वर घेतली.

"खांद्यावरून उतरव आधी!" विष्णुपंत मागून गरजले.

तिने फळी उतरवली, पण आता तिचाही तोल गेला. "एवढी लाज वाटते बाबा? ठीक आहे ना. माझा खांदा चालत नाही तुम्हाला, माहीत आहे मला. येईल की ऋतुराजदादा."

विष्णुपंत बोटांवरचा वाळलेला गोंद खरवडत राहिले.

"काल गल्लीत मीपण हात जोडले," ते म्हणाले. "मग बघितलं, तर पुढे तू. मागची खिदळतेय, लोक हसताहेत, पण तुझं एक पाऊल चुकत नव्हतं. ऋतुराजला कालच कळवलं, तुझी गरज नाही म्हणून."

शरदिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तेव्हा तो खांदा जरा जप," विष्णुपंत म्हणाले. "फळीला मूठ बसवलीस. मला कुठे मूठ आहे?"