मानाची जागा

"सीटवर नाही, मी तुझ्या मांडीवरच बसणार," म्हणत नऊ वर्षांची लेक आईच्या मांडीवर चढली. तिचे पाय आता बसच्या फरशीला टेकत होते. दप्तर पोटाशी, डबा दप्तरावर आणि शेजारची सीट रिकामी.

"अगं, घोडी झालीस आता! बस की शेजारी."

"ती तुझ्या मानाची जागा ना? मग मी कशी बसू?" लेक म्हणाली, तेही चांगलं मोठ्यानं. पुढच्या दोन माना वळल्या.

आज बापाची सायकल पंक्चर झाली नसती तर ही वेळच आली नसती. एरवी लेक त्याच्या सायकलवरून शाळेत जायची आणि ही एकटी या बसनं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायला. आईचा रंग इथल्या लोकांपेक्षा काळा होता, केस बारीक कुरळे. तिचे आजोबा बाहेरून आले होते, हे खरं. पण तिचे वडील इथं जन्मले, ती इथं जन्मली, तरी लोक अजून विचारत, "तुमच्याकडे ऊन फार असतं, नाही?" तिच्याकडे म्हणजे तीन स्टॉप मागे. तिथं ऊन इथल्याइतकंच होतं.

तिच्या शेजारी कुणी बसत नसे. पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला धुलाईघरातल्या औषधाचा वास येत असेल. ती दोनदा आंघोळ करू लागली, अत्तर लावू लागली. मग एकदा एक माणूस मासळीची पाटी घेऊन चढला आणि त्याच्या शेजारी लोक खुशाल टेकले. त्या दिवसापासून तिनं अत्तर बंद केलं.

हे लेकीला कळायला नको होतं. पण गेल्या वर्षी तिच्या वेण्या घालताना तिनंच विचारलं, "आई, वर्गात माझ्या बाकावर कुणीच का बसत नाही?" फणी केसांतच अडकली. लेकीची पाठ आपल्याकडे आहे, हे त्यातल्या त्यात बरं, असं आईला वाटलं. मग तिनं दिलं ठोकून. "वेडी का तू? बसमध्ये माझ्याही शेजारी कुणी बसत नाही. मोठ्या माणसांशेजारी अशी जागा सोडतात. मान असतो तो आपला." लेकीनं समोरच्या आरशात बघितलं, "बरं" म्हणाली आणि पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. आपल्याला इतकं सफाईनं खोटं बोलता येतं याचं आईला तेव्हा कौतुकच वाटलं होतं. आज ते खोटं उघडं पडणार होतं, आणि तेही भरल्या बसमध्ये.

बस भरत गेली. ड्रायव्हर आरशात बघून रोजच्यासारखा ओरडला, "मागे एक सीट आहे, बसून घ्या!" रोजच्यासारखंच कुणी ऐकलं नाही. मग वह्यावाल्या बाई चढल्या. हे नाव हिनंच मनातल्या मनात ठेवलेलं. कुठंतरी शिकवत असाव्यात. सहा महिने त्या याच सीटजवळ उभ्या राहत, वह्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेत. हिच्याकडे बघून हसायच्यासुद्धा. बसायच्या मात्र नाहीत.

"बाई!" लेक एकदम ओरडली. "आई, या माझ्या वर्गाच्या नवीन बाई!"

आईनं डोळे मिटून घेतले. पालकसभेला नेहमी बापच जायचा. तिला काय माहीत!

"बाई, तुम्हीपण आईचा मान राखता?" लेकीचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला. "आई म्हणते, मोठ्या माणसांशेजारी लोक बसत नाहीत. वर्गातही सगळे माझा मान राखतात ना, म्हणून मी एकटी बसते. हो ना बाई?"

बस चालू होती, पण आतलं सगळं थांबल्यासारखं झालं. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, कुणी स्वतःच्या चपलांकडे. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. आईला वाटलं, आता या बाई काय ते खरं सांगतील आणि माझ्या पोरीचा बाक उद्यापासून नुसता रिकामा बाक होईल. तिनं लेकीला घट्ट धरलं.

बाईंनी गठ्ठा छातीशी घेतला.

"ताई, तुमची हरकत नसेल तर... मी इथं बसू का?"

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं उगाचच पदर आवरला, खिडकीकडे सरकली. सरकायची काहीच गरज नव्हती.

"बसा ना," ती म्हणाली.

बाई बसल्या. वह्या लेकीनं स्वतःच्या दप्तरावर घेतल्या. शाळा अजून चार स्टॉप लांब होती. एकदा बाई पुटपुटल्या, "आज वर्गात सगळ्यांच्या जागा बदलायच्यात मला." एकदा बाईंचं कोपर आईच्या कोपराला लागलं. कुणीच ते मागे घेतलं नाही.

शाळा आली. बाई उठल्या आणि लेकीसाठी दारात थांबल्या. लेक मांडीवरून उतरली, दोन पावलं गेली, परत आली आणि आईच्या कानाला लागली.

"रागावू नकोस हं आई. मान-बिन काही नसतो तो, मला माहितीये. तू त्या दिवशी आरशात रडताना दिसत होतीस."