तेराव्याचं श्रीखंड

आई बरी होऊन घरी आली, म्हणून उन्मेषने श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. कुमुदिनीबाईंनी वाटी बाजूला सारली.

"का गं? तुला आवडतं ना?"

"तुझ्या बाबांच्या तेराव्यालाही हेच वाढलं होतंस."

उन्मेषचा हात पुरीवरच थांबला. स्मृतिभ्रंशावरच्या या नव्या इंजेक्शनांनी विसरलेलं सगळं परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यात आजारपणातली वर्षंही येतील, हे त्याने धरलंच नव्हतं.

"पंगत कसली म्हणून विचारलं, तर म्हणालास, शेजारच्या मुलीचं लग्न आहे. हे कुठे आहेत विचारलं, तर म्हणालास, वऱ्हाडाबरोबर पुढे गेलेत. मी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. समोरच्या एका मुलीला नवरी समजून आशीर्वाद दिला, तेव्हा अख्खी पंगत हसली."

"आई, तुला त्रास होऊ नये म्हणून..."

"माझा त्रास मी तासाभरात विसरले असते. तुम्हाला माझं रडणं ऐकायचं नव्हतं."

उन्मेष श्रीखंडाचं भांडं उचलून आत न्यायला निघाला.

"हसलेल्या सगळ्यांना रविवारी जेवायला बोलाव," त्या म्हणाल्या. "श्रीखंडच कर. मी रडत रडत वाढीन, आणि तुम्ही दोनदा मागून घ्यायचं."