गोठ्याचा नियम

सुज्ञ वाचकहो, आमच्या गावच्या सहा षटकांच्या क्रिकेट स्पर्धेत गोठ्याचा नियम कसा आला, तो इतिहास यथामती कथन करीत आहे.

पहिल्याच अंतिम सामन्यात माझ्या थोरल्या बंधूंनी विजयी षटकार ठोकला. चेंडू मैदानालगतच्या आमच्या गोठ्यात पडला. विरुद्ध संघाचे कप्तान बावाशेठ खोत हे चषकाचे दातेही होते. ते म्हणाले, "गुरं बुजतात. गोठ्यात चेंडू गेला तर फलंदाज बाद." बंधूंचे डोळे भरले, तेव्हा बावाशेठ हसून म्हणाले, "रडतोस काय रे? नियम तो नियम." बंधूंनी पुन्हा बॅट धरली नाही.

पुढे बंधू निवर्तले, गुरेही विकली. परंतु रिकामा गोठा मी दरवर्षी शाकारीत राहिलो.

यंदा अंतिम सामन्यात बावाशेठांच्या सुपुत्राचा विजयी षटकार त्याच गोठ्यात विसावला. पंचांनी बोट वर केले.

"अरे, आत बुजायला आहे कोण?" बावाशेठ कळवळून मला म्हणाले.

"रडता काय शेठ? नियम तो नियम."

त्याच सायंकाळी मी तो गोठा स्वहस्ते पाडला.

आपण वाचलेत, ऋणी आहे.
शांताराम धाकू निवळकर