इंजिन न उघडता

“उघडायची काय गरज न्हाय, चाचा. हाय तशी नेतो,” हितेश म्हणाला. तो दापोड्याचा गॅरेजवाला. कासमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमागे उभ्या असलेल्या उघड्या टपाच्या लाल गाडीला त्याने आज अजून हातही लावला नव्हता.

कासमच्या कपाळाला आठी पडली. न बघता सौदा करणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर लबाड. हितेश दोन्ही नव्हता.

“न खोलता मशीन मी विकत नाही,” कासम म्हणाला. “आमच्या वालिदसाहेबांनी चाळीसेक जुने लूम विकले. प्रत्येक लूम घेणाऱ्यासमोर खोलून विकला. कुठं काय झिजलंय ते आपल्या तोंडानं सांगायचं, मग सौदा.”

बापाची रीत खरीच होती. पण आज तिच्यामागे आणखी एक गोष्ट होती. आपल्या पोराने, फरहानने, काय करून ठेवलंय, ते कासमला एकदा कुणाला तरी दाखवायचं होतं.

गाडी त्याने फरहानसाठीच घेतली होती. पोरगा बी.कॉम. झाला तेव्हा, दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात. घरातला पहिला पदवीधर. मुंबईचा एक कापडवाला कॅनडाला निघाला होता, त्याच्याकडून घेतली. दोनच सीटा बघून कासमच्या बायकोने, जाहिदाने, विचारलं होतं, मी कुठं बसू? सगळे हसले होते. कासमने आपल्याच लूमवर विणलेल्या कापडाची खोळ गाडीला शिवून घेतली. मशीनवर जीव लावायचा, हे त्याच्या रक्तातच होतं. रोज सकाळी लांब नळीची बुधली घेऊन तो लूमना तेल घालत फिरायचा. उरलेलं दाराच्या बिजागऱ्यांना आणि जाहिदाच्या शिलाई मशीनला.

गाडी घेऊन महिना झाला नव्हता. फरहान मित्राबरोबर वज्रेश्वरीला निघाला आणि अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. हितेशनेच गाडी ओढून आणली. “चूक माझी आहे, अब्बा,” फरहान एवढंच बोलला. कसली चूक, ते काही सांगेना. कासमने सगळ्या कामगारांसमोर त्याला सुनावलं, मशीनची कदर नाही त्याला या घरात जागा नाही. पोरगा त्याच संध्याकाळी गेला. आता तो दापोड्याच्या एका गोदामात नोकरीला होता. जाहिदा दर शुक्रवारी त्याला डबा धाडायची, आणि कासम दर शुक्रवारी तो डबा दिसलाच नाही असं करायचा. याला आता आठ महिने झाले होते.

“रेससारखी पळवली असणार,” कासम बाह्या वर सारत म्हणाला. “नाहीतर इंजिन असं बसेल कसं? आदल्या दिवशी मी स्वतः तेल बदललं होतं. आतलं काळंकुट्ट सगळं काढलं, स्वच्छ नवं भरलं.”

हितेश जमिनीकडे बघत राहिला. “ऱ्हाऊ द्या ना, चाचा. मी गॅरेजला बघंन.”

पण कासमने बारदान अंथरलंसुद्धा. साठीचा माणूस गाडीखाली सरकला. त्याने पाना लावून खालचा बोल्ट सोडला आणि ट्रेमध्ये तेलाची धार पडली. पाण्यासारखी पातळ.

त्याने दोन बोटांत तेल चोळलं. मग नाकाशी नेलं. हा वास त्याच्या सदऱ्यांना होता, उशीला होता. शेडच्या दारामागच्या पिंपातून त्याने स्वतः हे काढून आणलं होतं. त्याच्या लेखी तेल म्हणजे तेल.

“हे लूमचं तेल,” तो गाडीखालूनच म्हणाला.

शुक्रवार होता, लूम बंद होते.

“इंजिनाला हे चालत नाही?”

“न्हाय, चाचा. लय पातळ. गाडी तापली का टिकत न्हाय.”

कासमला बाहेर यायला वेळ लागला. आला तेव्हा शरमेने त्याला मान वर करवेना. “फरहानला माहीत आहे?”

“त्याच दिवशी कळला आमाला. रस्त्यावरच बघितला होता.” हितेश घुटमळला. मग म्हणाला, “आज त्यानंच धाडलंय मला. बोलला, दुसरा गिऱ्हाईक आला तर अब्बा त्याच्याम्होरं इंजिन खोलतील, आन् त्यांना कळंल. तू न खोलता घेऊन ये.”

जाहिदा चहा घेऊन दारात उभी होती.

कासमने हात धुतले. पुन्हा साबण लावून धुतले. पोराची आठवण त्याला इतके दिवस रागासारखी येत होती, आता ती नुसतीच आली. तो जाहिदासमोर जाऊन उभा राहिला.

“डबा भरलास?”

तिने मान डोलावली.

“दे माझ्याकडे.”

हितेशने लाल गाडी दोराने आपल्या जीपला बांधली. कासम जीपमध्ये पुढच्या सीटवर चढला.

“मंग चाचा, गाडी इकायची का न्हाय?”

“ते मालकाला विचारू,” डबा मांडीवर घेत कासम म्हणाला. “आणि तेल कुठलं घालायचं, तेही.”