वीतभर अलीकडे

वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सकाळी, डोंगरावरच्या आमच्या गावाच्या थडग्यात ऊन शिरतं. दगडी बोळातून ते आत सरकतं आणि ज्याच्या अस्थींना शिवेल तो सुटतो, उन्हासोबत निघून जातो. सगळ्यात आत ठेवलेली ब्रेगूची लेक तेवढी राहिली होती. ऊन दर साली तिच्या वीतभर अलीकडे थांबायचं.

एका साली ते तसंच थांबलं तेव्हा ब्रेगूची बायको ओर्ना भडकली. "बोळ तूच बांधलास ना? साऱ्या गावाचे मेलेले सुटले आणि आपलीच पोर अडकली! डोळे मिटून बांधलास का रे?"

"दारावरची शिळा खचलीय, ऊन तिला अडतंय," ब्रेगू खाली बघत म्हणाला. "पुढच्या साली उचलू."

"मी कुठली बघतेय पुढचं साल! मेले की मला तिच्याशेजारीच ठेव. अंधारात एकटी आहे रे ती."

थंडी सरायच्या आत ओर्ना गेली. आम्ही तिच्या अस्थी लेकीशेजारी ठेवल्या. मग ब्रेगूनेच हाका मारून आम्हाला गोळा केलं. दोर लावले, वासे लावले, खांदे सोलले. शिळा तसूभर हलेना. मी वर चढून पाहिलं.

"अरे, ही खचलीय कुठे? हिला तर वरून दगडाची पाचर ठोकून खाली दाबलंय! कोणी केला हा उद्योग?"

"मीच. पोर जायला नको होती मला."

"मग काढ ना आता!"

ब्रेगू वर आला आणि पाचरीवरून हात फिरवत राहिला. "निघू नये अशीच ठोकलीय रे."